दोन मिलिमीटर

गुरुवार, १९ तारीख

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. तू पाठवलेली शाल पोचली. "रंग म्हाताऱ्यांचा आहे," असं म्हणून आई ती पांघरूनच बसली आहे.

तू मागितलेलं तिचं चित्र लांबलं. फोनवर तू विचारतेस आणि मी विषय बदलतो. आज लिहूनच टाकतो, तोंडाने जमायचं नाही.

माझी पद्धत तुला माहीत आहे. चित्रकला कुणाकडे शिकलो नाही, पण लेथवर सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला माप शिकवावं लागत नाही. फोटो मोठा छापून घ्यायचा, त्यावर सेंटिमीटरच्या चौकटी आखायच्या, तशाच कागदावर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं. समोर माणूस बसवून काढणारे सगळे अंदाजपंचे, असं मी चारचौघांत म्हणत आलो.

आई कुरकुरायची. "मी इथे जिती बसलेय आणि हा कागदाला डोळे लावून."

"तू हलतेस."

"हलणारच. मेल्यावर बस काढत."

तिचा फोटो मी तीन तारखेला काढला. ओठांच्या चौकटीशी आलो तर डावा कोपरा उजव्यापेक्षा खाली. मापायला व्हर्नियर लावला. दोन मिलिमीटर. वाटलं, फोन तिरका धरला गेला असेल. म्हणून डोळ्यांची रेघ तपासली. ती सरळ होती.

ताई, ती सरळ होती. तरी मी रबर घेतलं आणि कोपरा वर उचलला. तुझ्या भिंतीवर लागणार होतं ना चित्र, नेटकं दिसायला हवं होतं.

बारा तारखेला सकाळी चहा तिच्या तोंडातून ओघळला. तुला मी अशक्तपणा म्हणून सांगितलं. तसं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा निरखला, हात दाबून बघितले आणि मला विचारलं, "हे कधीपासून?"

"आजच."

"आधी काहीच जाणवलं नाही?"

"नाही," म्हणालो. केसाएवढा फरक मी नुसत्या डोळ्याने पकडतो, असं कारखान्यात नव्या पोरांना सांगतात. आई माझ्याकडे बघत होती.

आजार एकदम आला की हळूहळू, यावर पुढचे उपचार ठरतील, असं बाई म्हणाल्या. तरी तीन तारखेच्या फोटोचं मी सांगितलं नाही.

परवापासून मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसतो. फोटो नाही, चौकटी नाहीत. रेघ थरथरते, नाक फुगतं. तिने कागद ओढून पाहिला. "ही तुझी आत्या झाली." मग बोट स्वतःच्या डाव्या ओठाशी नेलं. "इथलं आहे तसं काढ. मागच्या वेळी सुधारलंस, ते पाहिलंय मी."

सोमवारी दहाला पुन्हा जायचंय. तो फोटो चौकटींसकट बाईंसमोर ठेवणार आहे, तारखेसह. पत्र तुला शनिवारी मिळेल. रागवायचं असेल तेवढं रागव, पण फोन सोमवारी अकरानंतर कर. आधी केलास आणि चुकून "जाऊ दे" म्हणालीस, तर मी ऐकेन.

आणि जमलं तर निघून ये.

पत्र पेन्सिलनेच लिहिलंय. वर सवयीने 'सगळं ठीक' लिहून गेलो. खोडलं असतं, पण रबर आईने उशीखाली ठेवून घेतलंय.

वाट बघणारा,
तुझा धाकटा