उरलेल्या गोळ्या

३ मार्च, सोमवार

चोवीस! पाच उरायला हव्या होत्या, चोवीस निघाल्या.

बाटलीत पस्तीस असतात. दिवसाला एक, तिसाव्या दिवशी तपासणी, पाच जास्तीच्या — कुणाला यायला उशीर झाला तर असाव्यात म्हणून. परत आणलेली बाटली ताटलीत ओतायची, पट्टीने दोन-दोन सरकवत मोजायची, आकडा कागदावर लिहायचा, खाली सही. संशोधन विभागात सहा वर्षं माझं हेच काम. त्याआधीची एकवीस वर्षं याच इमारतीच्या फरशा पुसल्या. औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, मग खुर्ची मिळाली. सगळे मावशी म्हणतात. डॉक्टरबाईसुद्धा.

आजची बाटली वेल्डरची. हिपॅटायटिस बी — आईकडून आलेला, जन्मापासून रक्तात. नवी गोळी किती चालते हे ज्या साठ जणांवर बघतायत, त्यातला हा एक.

"अरे, एकोणीस दिवस काय केलंस?"

"मावशी, शेडमध्ये मुकादमाने बाटली बघितली. दुसऱ्या दिवसापासून माझा पेला वेगळा. मग घरी ठेवायला लागलो. घरी गेलो की अंग टाकतो, ती राहूनच जाते."

याने आधी दोनदा गोळ्या कमी घेतल्या होत्या. तिसऱ्यांदा कमी म्हणजे नाव कापतात. मग गोळीही नाही आणि दर महिन्याची तपासणीही नाही. त्याने हातापाया पडावं, तर तेही नाही. म्हणाला, "लिहा मावशी. आहे ते लिहा."

तिथेच मी पाघळले.

एकोणीस गोळ्या रुमालात बांधल्या. कागदावर लिहिलं — पाच. आणि सही अशी सुरेख आली की काय सांगू!

४ मार्च, मंगळवार

रुमाल पिशवीतच आहे. फेकवतही नाही, ठेववतही नाही.

ह्यांना म्हटलं, आज मोजताना दोनदा चुकले. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला ह्यांचा, हात अजून स्थिर. म्हणाले, "चहात साखर तरी कधी मोजून घातलीस? मला तर नवलच वाटतं, तुला मोजायला बसवलं ह्याचं." हसले. मीही हसले, पण घशातल्या घशात.

२ एप्रिल, बुधवार

वेल्डर आला. बाटली ओतली — पाच! चार नाही, सहा नाही, मोजून पाच!

त्याच्या पाठीत धपाटा घातला. "शहाणा रे माझा लेक!" तोही लाजला. "तुमच्यापुढे परत खाली मान घालायची नव्हती, मावशी." जाताना दोन केळी ठेवून गेला टेबलावर.

महिनाभर छातीवर धोंडा होता, तो उतरला. उगाच जिवाला लावून घेतलं. एक महिना सांभाळून घेतलं तर पोरगं रुळावर आलं की नाही?

१७ एप्रिल, गुरुवार

वेल्डरला आणलं. डोळे हळदीसारखे. उलट्या थांबत नाहीत, बोलणं अडखळतंय. बायकोने एकटीने टॅक्सीतून उतरवलं.

डॉक्टरबाईंनी त्याची फाइल टेबलावर पसरली. माझे कागद वर. बोट ठेवून म्हणाल्या, "गोळ्या चोख घेतल्यात. मार्च पाच, एप्रिल पाच. मावशींची मोजणी आहे, त्यात शंका नाही. म्हणजे गोळीच लिव्हरला बाधतेय." मी बाजूलाच उभी. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली — मी साक्षीदार असल्यासारखी!

गोळी बंद केली. दुसरी कुठलीही आत्ता द्यायची नाही, म्हणाल्या — लिव्हरवर आणखी भार नको. विषाणूंचं मोजमाप बाहेरच्या प्रयोगशाळेत गेलंय, यायला आठवडा. तोवर सलाईन आणि वाट बघणं. नवीन माणसं घेणंही थांबवलं. आठ महिने नंबर लावून बसलेल्या बेकरीवाल्या बाई आजच आल्या होत्या. त्यांना मीच सांगितलं. "गोळीत काही खोट निघाली का हो मावशी?" मी म्हटलं, बघतायत.

बघतायत! तोंड कसं उघडलं माझं?

पण एक आहे. एप्रिलमध्ये त्याने नीट घेतल्या होत्या. पाच उरल्या होत्या की. मग माझ्या मार्चच्या आकड्याने काय होणार? नसेल होत.

१८ एप्रिल, शुक्रवार

होतं.

त्याची बायको जिन्यात बसली होती, डबा न उघडता. शेजारी बसले. ती आपणहून म्हणाली, "एप्रिलच्या तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी बाटली मोरीत ओतली. पाच तेवढ्या मोजून ठेवल्या. मी ओरडले तर म्हणाले, आकडा बरोबर दिसला की झालं, मावशी आहेत ना, त्या सांभाळून घेतात."

मी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला, तिने तो परत लावला.

"तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं. म्हणून मी डॉक्टरांना काही बोलले नाही. तुमची नोकरी जायची."

म्हणजे फेब्रुवारीपासून त्याच्या पोटात धड गोळी नाही. सहा वर्षं मी प्रत्येकाला बजावते, ही गोळी मध्येच सोडायची नाही, सोडली की आतला विषाणू दुप्पट उसळतो. तोंडपाठ आहे मला! आणि त्याला मी काय शिकवलं — पाच हा आकडा. तेवढंच शिकला तो.

डॉक्टरबाईंच्या दारापर्यंत गेले. कडीला हात लावला. आत फोनवर बोलत होत्या. फोन संपेपर्यंत थांबू म्हटलं. संपला. तरी उभीच. मग शिपाई आला, "काय मावशी, आत जायचंय?" म्हटलं, नाही रे, पाय दुखतोय, टेकले होते.

घरी आले! आले मी घरी! तो तिथे पिवळा पडून आहे आणि मी इथे येऊन कुकर लावला.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, थट्टा करतील, नाहीतर समजूत घालतील. तुझा हेतू वाईट नव्हता, असं काहीतरी. तेच ऐकायचं होतं मला, आता कळतंय.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "मला कशाला सांगतेस? माझ्याकडे औषध आहे का त्याचं?"

लागलीच निघाले. दोन पायांत दोन वेगळ्या वहाणा घातल्या, ते पोचल्यावर कळलं.

डॉक्टरबाई वॉर्डातच होत्या, वेल्डरच्या पायथ्याशी. बाजूला बोलावलं नाही मी. नाहीतर परत शब्द फिरवला असता. रुमाल सोडला त्यांच्यापुढे. "या मार्चच्या. एकोणीस. मी काढून घेतल्या. एप्रिलच्या त्याने फेकल्या. पाच मी लिहिलं ते खोटं आहे."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गोळ्यांकडे बघत राहिल्या. मग एकदम हळू, "मावशी, दोन दिवस मी ह्याला औषधावाचून ठेवलंय. औषधाने बिघडलाय असं समजून. आणि हा औषध न मिळाल्याने बिघडलाय."

मग धावपळ. सिस्टरला हाक, नेहमीची जुनी गोळी आणवली, त्याला उठवून बसवलं, चमच्याने पाणी. दहा मिनिटं लागली असतील. एवढंसं काम! गुरुवारी तोंड उघडलं असतं तर गुरुवारीच झालं असतं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी कुणाचं असं केलंय का?"

"नाही हो. ह्याचंच."

"बरं," म्हणाल्या. आणि वहीत तसं लिहिलं.

२१ एप्रिल, सोमवार

मोजणीचं टेबल काढून घेतलं. ताटली, पट्टी, दोन्ही सिस्टरकडे. रीतच आहे ती.

वेल्डर अजून धोक्यात, पण काल रात्रीपेक्षा बोलणं सुधारलंय. मी दारातून बघितलं. त्याने बघितलं मला. म्हणाला, "मावशी, तुमच्या वहाणा नीट आहेत आज." बायकोने सांगितलं असणार! हसू आलं त्याला, आणि हसताना कळ आली. मी तिथून पळाले. मला हसवायला नको होतं त्याने.

जाताना डॉक्टरबाई भेटल्या. "खरं सांगितलंत, मावशी. सगळ्यांना जमत नाही." माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात अजून तिथेच आहे.

२३ एप्रिल, बुधवार

ह्याचंच नाही.

चष्म्याच्या दुकानातले आजोबा. टॅक्सीवाला. शाळेतल्या शिपाईणबाई. इस्त्रीवाली. कुणाच्या सहा, कुणाच्या अकरा जास्तीच्या गोळ्या मी अशाच लपवल्या. गेल्या महिन्याच्या बैठकीत डॉक्टरबाई सगळ्यांना विचारत होत्या, ह्या चौघांनाच गोळी का लागू पडत नाही? मी तेव्हा चहाचे कप गोळा करत होते.

आज दहा वाजता चौघांची नावं लिहून त्यांच्या हातात दिली. कागद वाचला, माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "फोन लावा. चौघांना. आत्ता."

बाकावर बसून लावले. तिघांनी उचलला.