आईबापाचं ताट

४ एप्रिल
इस्मे आली! एकतीस वर्षांनी धाकटी बहीण ब्रुकलिनहून बेटावर, दारात – आणि पहिला शब्द काय, तर "ताई, केवढी वाळलीस गं!" स्वतः कोण मोठी गुबगुबीत!
वीस तारखेला परतीचं विमान. म्हणजे मला पंधरा-सोळा दिवस मिळाले. या घरात एकटीनं भिंतींशी किती बोलायचं? पोरीला खाऊ घालून जिभेनंच बांधून ठेवायची, परत जाऊच द्यायची नाही. ठरलं.

५ एप्रिल
निखाऱ्यावर भाजलेला नीरफणस, खारा मासा, नारळाच्या दुधातली अळूची भाजी. ताट चाटूनपुसून साफ! "असं ब्रुकलिनात नाही मिळत." मिळेल कसं!

८ एप्रिल
शेजारच्या कन्यूटच्या होडीतून सँडी आयलंडला. चढताना तो म्हणतो, "दोघींच्या भारानं बुडालो तर गावाला काय सांगू?" इस्मे म्हणाली, "सांग, म्हाताऱ्या मासे आणायला गेल्यात!"
पाणी काय सुंदर होतं! काठाशी हिरवं, पुढे निळंभोर, होडीखालची वाळूसुद्धा दिसत होती. लांबीचं, म्हणजे मोठ्या शंखातल्या जिवाचं, कालवण नेलं होतं. पहाटे उठून शंखातलं मांस कुटून कुटून मऊ केलं, हात भरून आले. आणि बाईसाहेबांची नजर सारखी समुद्रावर! म्हटलं, "तो कुठे पळून जात नाहीये, जेव आधी." जेवली. वाखाणलं पण.

१० एप्रिल
पाच वेळा वाढून घेतलं! दोरी घट्ट बसतेय.

१३ एप्रिल
गेलेल्या आईबापाच्या नावाचं जेवण झालं. ढोलवाले आले, अंगणात तीन मोठे टोप चढले – गोळे वळलेला भात, मक्याच्या पिठाचा घोटलेला कूकू, कोंबडी, मटण. गेलेल्या थोरांच्या वाट्याचं आधी वेगळं शिजवलं, त्यांना मीठ चालत नाही. ताट खोलीत पांढऱ्या कापडावर मांडलं, शेजारी पाणी, रम. दार लोटून घेतलं. सकाळपर्यंत आत कोणी जायचं नाही.
इस्मे गावाला वाढून दमली होती, तिचंही ताट मीच भरलं. बोटं चाटत म्हणाली, "ताई, मीठ कसं अगदी बेताचं!"
धन्य झाले मी.

१४ एप्रिल
सकाळी खोली उघडली, घासघास वाटायला घेतलं. कन्यूटनं तोंडात टाकलं आणि डोळे मिचकावले. "यंदा थोरांना मीठ चालायला लागलं वाटतं!"
चाखलं. खारट! गडबडीत माझ्या हातून ताटं बदलली. आई-बाबा, माफ करा.
आणि मग डोक्यात उजेड पडला – इस्मेनं खाल्लं ते अळणी होतं!

संध्याकाळी
विचारलं. आधी हसली. मग म्हणाली, "बर्फावर घसरले, डोकं आपटलं. तीन वर्षं झाली. ना वास, ना चव."
"मग पाच-पाच वेळा कशाला वाढून घेतलंस गं?"
"मी खाताना तुझं तोंड कसं फुलतं, ते तुला कुठे दिसतं?"
चुलीकडे तोंड करून रडले. कसली दोरी आणि कसलं काय! म्हणून बिचारी डोळ्यांनी समुद्र खात होती त्या दिवशी.

१५ एप्रिल
काही रांधावंसं वाटलं नाही.

१६ एप्रिल
"उपाशी मारतेस की काय?" – इस्मेच ओरडली. भाजलेला मासा बांधून बेलेअरच्या टेकडीवर गेलो. म्हणाली, "तू खा, आणि मला सांग."
सांगितलं. आधी धूर. मग लिंबू. मिरची सगळ्यात शेवटी, कानापाशी. डोळे मिटून ऐकत होती. "आईच्या झाडाची मिरची?"
"त्याच झाडाच्या बियांची."
"मग कानापाशीच लागणार," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं! समोर सगळी बेटं उन्हात पसरलेली. उठावंसंच वाटेना.

१९ एप्रिल
सकाळी तिची बॅग दारात दिसली. बाजूला सरकवायला उचलली – रिकामी!
"कन्यूटची लेक ब्रुकलिनला निघालीय, तिला दिली."
"आणि तू?"
"आज काय करतेस ते सांग. मीठ धरून सांग."