लाइटचे ठरलेले पैसे

श्रीगोंदा, शुक्रवार, १२ जानेवारी १९९६

घरमालकीण ताराकाकू आज पुन्हा आमच्या पंख्याकडे बघून गेल्या. थंडीत पंखा बंदच असतो, तरी बघतात. भाड्याबरोबर लाइटचे पैसे ठरलेले आहेत. कमी जाळा, जास्त जाळा, महिन्याला तेवढेच. मग बघायचं कशाला?

मला वाटतं, त्या आमच्याकडून जास्त घेतात. बिल त्यांच्या नावावर येतं, आम्ही ते कधी पाहिलेलं नाही. हे म्हणतात, "उन्हाळ्यात बाळासाठी रात्रभर पंखा चालला, तेव्हा तू बोललीस का?" नाही बोलले. तेव्हा फायदा आमचा होता, आता त्यांचा. वर्षभरात सारखं होत असेल? ते फक्त काकूंनाच ठाऊक, हेच खुपतं.

संध्याकाळी धीर करून खाली गेले. म्हटलं, "काकू, आम्हाला वेगळा मीटर बसवून द्या. जळेल तेवढं आम्ही भरू." चिडतील, खोली सोडा म्हणतील, असं वाटलं होतं. भांडायच्या तयारीनेच गेले होते. तर त्या हसल्या. "बसवू की! लई दिवस माज्या बी मनात हुतं. मंग तुमचं तुमी बघा."

इतक्या चटकन कशा तयार झाल्या? म्हणजे इतके दिवस नुकसान त्यांचंच होत होतं? की मीटर बसवणारा त्यांच्याच ओळखीचा आहे? दोन महिन्यांत ऊन तापेल, बाळ पंख्याशिवाय झोपत नाही. उद्या जाऊन "राहू द्या, ठरलेलंच बरं" म्हणावंसं वाटतंय. पण तसं म्हटलं, तर त्या माझ्यावरच संशय घेतील.