थट्टेचा खाना

मंगळवार, ७ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तुझी पाठदुखी कमी झाली, धाकटी पुन्हा शाळेत जाऊ लागली, हे आईकडून कळलं. तू माझा फोन उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. म्हणून हे पत्र आईच्याच हाती देतेय. फाडायचं तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड.

माझं ऑफिस तसंच आहे. दादाच्या कंपनीबद्दल लोक मोबाईलवर काय लिहितात ते दिवसभर वाचायचं आणि खान्यांत टाकायचं: राग, हळहळ, तक्रार, थट्टा. बुडालेलं जहाज दाखवायला चार पाहुण्यांना घेऊन दादाची पाणबुडी खाली गेली आणि वर आलीच नाही, तेव्हा साहेब म्हणाले, रजा घे. मी घेतली नाही. घरी बसून करणार काय होते?

पहिल्या दिवशी सगळे देव पाण्यात घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी 'पैसेवाल्यांची हौस फिटली' सुरू झालं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिलं, चालक प्यायलेला होता. दादा, जो खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घ्यायचा. मी ते 'राग'मध्ये टाकलं. दिवसभरात तीनशेदा तरी टाकलं असेल.

आता लोक दमलेत. आलेखातली रागाची रेघ खाली आली, ती बघून साहेब म्हणाले, "आता हरकत नाही." रविवारी दुसरी पाणबुडी जाणार आहे. काच त्याच बनावटीची. चालक म्हणून तुझा भाऊ जातोय, हे आईने काल भाजी निवडता निवडता सांगितलं.

वहिनी, अपघाताच्या नऊ दिवस आधी कंपनीच्या पानावर एक ओळ आली होती. 'खाली गेलं की काच कुरकुरते. दोनदा सांगितलं, कोणी ऐकेना, म्हणून इथे लिहितो.' पुढे हसरं तोंड. नाव, बोकोबा.

दादाला आपल्या घराबाहेर बोकोबा कोण म्हणतं? मी लगेच ओळखलं. 'तक्रार'मध्ये टाकलं असतं तर तासाभरात इंजिनिअरच्या टेबलावर गेलं असतं. पण हसरं तोंड दिसलं की 'थट्टा', असा आमचा नियम, आणि थट्टेचा खाना कोणी उघडत नाही. दादाचं नेहमीचं चाललंय म्हटलं. घाबरला की तो जास्त हसतो, हे लहानपणापासून माहीत असूनही मी ते थट्टेत टाकलं आणि चहा प्यायला गेले.

त्या ओळीची छापील प्रत सोबत आहे. वर तारीख आहे, खाली माझ्या कामाचा नंबर आहे. मूळ नोंद काल पुसली गेली. आज सकाळी साहेबांनी दार लावून विचारलं, "प्रत वगैरे काढली नाहीस ना?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, घरी कोण कोण असतं.

माझ्यावर जन्मभर राग धर. तो मला मान्य आहे. पण हा कागद तुझ्या भावाला दाखव आणि रविवारी त्याला खाली जाऊ देऊ नकोस. तो हसून म्हणेल, काही होत नाही ताई. तो हसला तर दाराला कडी घाल.

दादाचं हसणं ओळखूनही गप्प बसलेली,
तुझी नणंद