दाढीवाल्या गिधाडाची नोंद

प्रिय तेजस्विनी,

सोमनाथच्या हाताचे टाके अजून दुखतात का? काय घडलं ते त्यानं तुला धड सांगितलं नसणार, म्हणून मी लिहितो. वाचताना मला शिव्या द्याव्याशा वाटल्या तर खुशाल दे.

मंगळवारी सकाळी तुझा भाऊ चांदवडहून मोटारसायकलवर आला, मागे गोणी बांधलेली. मला वाटलं, तू कांदे पाठवलेस. त्यानं गोणी फरशीवर उपडी केली आणि तुझं गिधाड बाहेर पडलं. जिवंत होतं गं! गोफणीच्या दगडानं पंख मोडलेला, एक डोळा फुटलेला, तरी उठायला बघत होतं. मेलेल्या बोकडावर ताव मारून जड झालेलं, उडायच्या आत यानं टिपलं. "घ्या काका, मोजा आता दाढी! माझी बहीण खोटारडी नाय," म्हणत त्यानं ते मानेला धरून उचललं, तशी गिधाडानं चोचीनं त्याचा तळहात फाडला. मग सोमनाथनं त्याला भिंतीवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. मी थांब म्हणालो ते तिसऱ्यानंतर. भिंतीवरचं रक्त अजून पूर्ण निघालेलं नाही.

दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणारे आम्ही तिघे. हिमालयातलं गिधाड चांदवडच्या डोंगरावर दिसलं म्हटल्यावर संशय घेणं हे आमचं कामच, त्याची माफी मी मागणार नाही. पण फोटो नसला तरी वर्णन वाचूनच निकाल द्यायचा, हा नियम मीच घातलेला. तू पाठवलेली वर्णनाची दोन पानं मी उघडलीच नाहीत. कांद्याच्या रानातून आलेली नोंद, म्हणजे घारच असणार, असं धरून चाललो आणि दोनशे जणांच्या ग्रुपवर लिहिलं, "दाढी धरून घेऊन ये, मग नोंदवू." सगळे हसले. गावात तुला गिधाडताई म्हणायला लागले, हे मला सोमनाथकडून कळलं. लाज वाटते.

आता वाचली ती पानं. पाचरीसारखी शेपटी, तांबूस छाती, उंचावरून खडकावर हाड टाकून फोडणं, सगळं होतं त्यात. मला असं टिपण कधी जमलं नाही. काल तिघांनीही नोंद मान्य केली. पहिल्यांदा पाहणारी म्हणून तुझं नाव आहे, जाहीर व्हायचं तेवढं बाकी आहे.

सोमनाथ म्हणतो, पुरून टाका. मी ते फ्रीजमध्ये ठेवलंय आणि सोमवारी वनखात्याकडे घेऊन जाणार आहे. सोमनाथचं नाव सांगावं लागेल, त्याला अटक होईल. ग्रुपवरचं माझं वाक्यही कागदावर छापून देणार आहे, पण हसवल्याबद्दल मला कोण पकडतंय? बोलावतील ते तुला. हे गिधाड तिथं जिवंत कोणी पाहिलं, तर तू, आणि तुला सख्ख्या भावाविरुद्ध उभं राहावं लागेल. ज्या नोंदीसाठी तू एवढं सोसलंस, तिच्यावरचं तुझं नाव राहू द्यायचं का, हे विचारायला लिहितोय. रविवारपर्यंत कळव. नको म्हणालीस तर 'पाहणारा अज्ञात' असं लिहीन. एवढ्या वर्षांत खोटी नोंद कधी केली नाही, ही करीन.

तुझाच,
यादवकाका
नाशिक