खडूने लिहिलेलं ‘सिक’

बाबा, तुम्ही माझ्या पीएच.डी.च्या गाइडना लिहिलेलं पत्र आज पुन्हा वाचलं. निवृत्त होताना त्यांनी ते मला दिलं होतं. “मुलीची प्रकृती ठीक नाही, ती कच्छला येऊ शकणार नाही.” खाली सही, हुद्दा, लखनऊच्या आलमबागचा पत्ता. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण राग जुना होत नाही. लहानपणी तुम्ही मला तुमच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये न्यायचात. बिघडलेल्या वॅगनवर खडूने ‘सिक’ लिहून तिला बाजूच्या रुळावर ढकलत. “हात लावून तपासल्याशिवाय लिहायचं नाही,” तुम्ही माणसांना बजावायचात, “वॅगनला बोलता येत नाही.” मला बोलता येत होतं. विचारलं नाहीत.

व्हेलच्या कानाच्या हाडाची एक कड जाड असते. व्हेलचे पूर्वज चार पायांवर चालत होते तेव्हाही ती तशीच होती; त्यावरूनच ते ओळखू येतात. तसं जीवाश्म हाड कच्छच्या खडकांत कुठल्या थरात मिळेल, हे मी आधीच्या वर्षी इतरांनी आणलेले दगड तपासून ठरवलं होतं, नकाशावर तो ओढा पेन्सिलने दाखवला होता. जेवताना सांगितलं तर तुम्ही हसलात. “लखनऊत समुद्र नाही, कच्छमध्ये पाणी नाही. तुझा मासा राहतो कुठे?”

“मासा नाही, बाबा.”

“बरं. जीपमध्ये कोण कोण?”

“पाच जण आणि मी.”

तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात.

दोन दिवसांनी सामान घेऊन डिपार्टमेंटला पोचले, तर जीप गेलेली. चपरासी म्हणाला, “बिटिया, आप तो बीमार हैं न?” हाड त्याच ओढ्यात सापडलं. शोधनिबंधात माझं नाव शेवटी, आभारांत आहे.

आता मी किनाऱ्यावर वाहून आलेले मेलेले व्हेल तपासते. जहाजाच्या धडकेची खूण दिसली तर तसं लिहिते, नाहीतर ‘कारण अज्ञात’. अंदाजाने काही लिहीत नाही. ही सवय तुमची, आणि ती तुम्ही फक्त माझ्या बाबतीत मोडलीत, असं मी सगळ्यांना सांगत आले.

कच्छला निघायच्या आदल्या दुपारी मला एकशे दोन ताप होता. आईला कळू नये म्हणून थर्मामीटर झटकून डबीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. थोड्या वेळाने कपाळावर हात आला. त्याला ग्रीसचा आणि साबणाचा वास होता. तुमच्या पत्रावर तारीख त्याच दिवसाची आहे.

तरीही विचारायला हवं होतंत. हे पत्र मी तुमच्या त्या पत्राच्याच पाकिटात ठेवते आहे. मी जागी होते, बाबा.