ताऱ्याचा उजेड वजा करताना

बाबा, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायचं म्हटलं तरी मलाच दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. असतात तर एव्हाना "मुद्द्यावर ये" म्हणाला असतात. येतेय.

मी प्री-मेड सोडते म्हटलं, त्या दिवशी घरून मला कॉलेजला परत सोडायला तुम्ही ड्राइव्ह करत होतात. "डॉक्टर व्हायचं सोडून धूळ बघत बसणार? घरात कमी आहे का?" एवढं बोललात आणि मग रस्ताभर गप्प. मागच्या सीटवर आई होती. ती काय म्हणाली ते मला आठवतच नाही. आपल्याकडे नेहमी तेच व्हायचं. तुम्ही बोलायचात, पाहुणे हसायचे, आणि आई कुठे बसली होती हे नंतर कुणाला सांगता यायचं नाही. याचा मला फार राग यायचा. अजून येतो.

आणि हो, मी धूळच बघते. दुसऱ्या ताऱ्यांभोवती दगडधोंडे एकमेकांवर आपटून चुरा होतो, त्याची मोठी पसरट तबकडी फिरत असते. पण तारा इतका झगझगीत, की ती दिसतच नाही. म्हणून दुर्बिणीत ताऱ्यावर छोटंसं झाकण धरायचं, आणि तरीही बाजूनं सांडलेला उजेड नंतर कॉम्प्युटरवर वजा करायचा. उरते ती धूळ. मधल्याला पुसणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे.

तर यंदा आईची पंचाहत्तरी. तिचं हार्ट आता थकलंय, असा समारंभ पुन्हा होईल असं तिचे डॉक्टरही म्हणत नाहीत. एकदा तरी लोकांनी फक्त तिला बघावं, म्हणून मी तिच्या फोटोंचा व्हिडिओ केला आणि प्रत्येक फोटोतून तुम्हाला क्रॉप केलं. नायगारा, तुमच्या क्लिनिकचं उद्घाटन, मंडळाचा गणपती. हौसेनं केलं, खोटं कशाला बोलू. पार्टीच्या आदल्या दिवशी आई किचनमध्ये मेथी निवडत होती, तिच्यासमोर लॅपटॉप ठेवला. नायगारा आला तसे तिचे हात थांबले.

"मी अशी वेड्यासारखी कशाला हसतेय गं?"

"छान दिसतेयस की."

"अगं, यांची टोपी उडाली वाऱ्यानं. पकडायला धावले आणि बसले आपटून. तू त्यांनाच काढलंस, आता मी कुणाला हसतेय?" मेथीची जुडी पुढे ओढत ती म्हणाली, "हे नको दाखवूस लोकांना. यात मी नाहीये."

ही चूक मला चांगली ओळखीची आहे, म्हणून जास्त झोंबलं. उजेड वजा करताना हात जड पडला, की प्रोग्राम धुळीलाही ताऱ्याचाच उजेड समजतो आणि तीही काढून टाकतो. मग सलग तबकडीत काळी फट दिसते आणि आम्ही खूश, की इथे धूळ झाडत फिरणारा एखादा ग्रह असणार. ग्रह कसला, आम्हीच खरवडलेलं असतं. दुसऱ्यांच्या कामात मी हे लगेच पकडते आणि वर टोचून बोलते. तुमच्यावर गेलेय म्हणतात.

संध्याकाळी एकेक फोटो उघडून तुम्हाला परत आत घेतलं. आई शेजारी बसून सांगत होती. इथे मी त्यांना चिमटा काढलाय, इथे म्हटलंय की पुरे आता भाषण. मी सहज विचारलं, त्या दिवशी कारमध्ये तू काहीच बोलली नव्हतीस ना?

"मीच तर म्हटलं, आता कॉलेज येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. पोरीला जे करायचंय ते करू दे."

आणि तुम्ही ऐकलंत. मी इतकी वर्षं तो तुमचा राग समजत होते.

हे मी कुठे पाठवणार, लॅपटॉपमध्येच राहील. पार्टी छान झाली. व्हिडिओ लागला तेव्हा अख्खा हॉल आईकडे बघत होता, मला हवं होतं तसंच. मी मात्र तुमच्याकडेच बघत होते, बाबा. हे तिला सांगितलेलं नाही.